रॅम्पवर बाटिक, पण कुणाचं?

यंदाच्या स्नेहसंमेलनात ‘जबाबदार कपड्यांचा’ फॅशन शो करायचं घाटतंय. जरूर करू या. फक्त कपडे ऑनलाइन मागवू नका, मित्रहो! आपल्या उज्जैनात काळभैरवाच्या देवळाजवळच भैरवगढ आहे. तिथले छिपा कारागीर कापडावर गरम मेणानं नक्षी काढतात. मेणाला तडे जातात, त्यांतून रंग झिरपतो. म्हणून दोन ओढण्यांवरच्या रेघा कधी सारख्या नसतात. या बाटिकला २०२३ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तरी बाजारात तशाच रेघांचं मशीनवर छापलेलं कापड स्वस्तात मिळतंच. घेताना उलटी बाजू बघा: छापील नक्षी बहुतेकदा मागून फिकी दिसते.

‘तुमची जाहिरात होईल’ म्हणत कारागिरांकडून साड्या फुकट मागणं मला पटत नाही. आधी पैसे मोजू. आणि निवेदकानं मॉडेलच्या आधी कारागिराचं नाव घ्यावं, त्या कपड्यामागे त्याला मिळालेली मजुरीही सांगावी. सभागृह गप्प झालं तर होऊ दे! २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्यातल्या लेबलांवर नावं होती ती कंपन्यांची.

मजुरी विचारायला शनिवारी मी भैरवगढला जातोय. कोण कोण येतंय?