आपल्या पूर्वजांचे नाव कोठे शोधावे?

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील तरुण मंडळी एक प्रश्न वारंवार विचारीत असतात. ‘आमचे पणजोबा कोण होते आणि त्यांनी काय केले, हे आम्हांस कोठे सापडेल?’ ज्यांच्या घरी भाट येऊन वंशावळी वाचीत, त्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्या वाट्यास वंशावळ आली नाही. आली ती वतनाची वेठ. सरकारी दप्तरांत आपला पूर्वज आढळतो खरा, पण कसा? एकेरी नावाने, नावापुढे जात लावून, राबणारा गावकामगार म्हणून. तो काय बोलला, कशासाठी झगडला, याचा तेथे मागमूस नाही.

तो माणूस म्हणून भेटायचा असेल, तर आपल्या चळवळीच्या जुन्या वृत्तपत्रांचे रकाने चाळले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, ते इतर पत्रांत अस्पृश्यांच्या सुखदुःखाला जागा नव्हती म्हणून. त्यानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९२८ मध्ये ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. अग्रलेखांची थोरवी सर्वांस ठाऊक आहे. पण कुटुंबाच्या इतिहासासाठी अग्रलेखापेक्षा आतील बारीक मजकूर मोलाचा. अमुक गावी सभा भरली, मृतमांस न खाण्याचा ठराव झाला, अमक्याने फंडास एक रुपया दिला, तमक्याची विहिरीवर अडवणूक झाली, अशा चार ओळींतच आपली माणसे उभी आहेत.

एक उदाहरण घ्या. ‘आमचे आजोबा महाडला होते, त्यांनी तळ्याचे पाणी प्याले आणि त्याच दिवशी मनुस्मृती जाळली,’ असे अनेक घरांत सांगितले जाते. चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले ते २० मार्च १९२७ रोजी. मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबर १९२७ रोजी. डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावर जाणे स्थगित ठेवावे लागले. मग आजोबा मार्चमध्ये गेले होते, की डिसेंबरमध्ये, की दोन्ही वेळा? जुना अंक उघडला म्हणजे निदान कोणता प्रश्न विचारावयाचा हे कळते. यात आजोबांचा अवमान नाही. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांस सांगितले. तो उपदेश घरातील कथेलाही लागू आहे.

काही बांधव विचारतील, ‘आम्ही जुने सर्व टाकून नवा जन्म घेतला, मग ती जुनी नावे आणि ती जात पुन्हा कशाला उकरावी?’ आक्षेप प्रामाणिक आहे. पण आपण टाकले ते दास्य. ते दास्य झुगारणारी माणसे टाकलेली नाहीत. शिवाय हा केवळ अभिमानाचा विषय नाही. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती घटनात्मक आदेशाने मिळाल्या त्या १९९० मध्ये, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. आजही महाराष्ट्रात दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. वृत्तपत्रातील बातमी शाळेच्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. मात्र त्या काळी कुटुंब कोणत्या गावी होते, हे तिच्यावरून उमगते आणि कोणत्या शाळेचे दप्तर पाहावे याचा माग लागतो. कागद न सापडल्यामुळे मुलाचा हक्क बुडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

शोधताना सावधगिरी हवी. आडनावे बदलली आहेत. म्हणून आधी गाव शोधावे, मग नाव. जिल्ह्यांची नावेही बदलली. महाड ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, तो १९८१ पासून रायगड झाला. एकाच नावाची अनेक गावे असतात, तेव्हा तालुका पाहिल्यावाचून ‘हे आमचेच’ असे म्हणू नये. ज्या गावात पत्र लिहिणारा एकही साक्षर नव्हता, तेथील बातमी छापली गेली नसेल. म्हणून तेथे लढा झालाच नाही असे ठरत नाही. आणि आपल्या भगिनींचे काय? सभेस ‘स्त्रियाही हजर होत्या’ एवढ्यावरच पुष्कळदा बातमी संपते. त्यांची नावे आज केवळ आजीच्या आठवणीत आहेत. अंक नंतरही मिळतील, आजी मिळणार नाही. तेव्हा तिला आधी विचारावे.

‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने पुन्हा छापले आहेत. प्रत्येक विहारात ते असावेत आणि त्यांच्याशेजारी एक नोंदवही असावी. तीत बातमी जशीच्या तशी उतरून घ्यावी. पत्राचे नाव, तारीख व पान लिहावे. ऐकीव माहिती वेगळ्या पानावर, सांगणाऱ्याच्या नावासह ठेवावी. वर्षावासात संध्याकाळी दोन तास दिले, तरी एका गावाचा इतिहास उभा राहील.

आणि शेवटी एक विनंती. आज तुमच्या गावी दीक्षाविधी झाला, मंगलपरिणय झाला, अन्यायाविरुद्ध अर्ज दिला गेला, तर त्याची बातमी पाठविताना ‘अनेक बंधुभगिनी उपस्थित होत्या’ असे लिहून थांबू नका. पूर्ण नावे लिहा, स्त्रियांचीही लिहा, गाव आणि तालुका लिहा. पन्नास वर्षांनी कोणी नातू हाच अंक उलगडील आणि आपल्या आजीचे नाव शोधील. ते त्याला सापडले पाहिजे.

जय भीम !