पटाची जोडी आणि पितळी गुंड



गेल्या नोव्हेंबरात मुलाकडे कॅलिफोर्नियात मुक्कामी असताना त्याने मला पोमोना येथे ‘ड्रॅग रेस’ पाहावयास नेले. सरळ, सपाट मार्गावर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि सर्वांत वेगवान वर्गातील धाव चार सेकंदांच्या आतच संपते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुणांनी विमानांच्या ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर हा खेळ वाढविला. १९५१ मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुष्कळ चमू घरगुती आहेत. जॉन फोर्स या नामांकित चालकाच्या तीन मुली याच खेळात उतरल्या आणि त्यांपैकी ब्रिटनी हिने २०१७ व २०२२ साली सर्वोच्च वर्गाचे विजेतेपद मिळविले. दोन धावांच्या मधल्या वेळेत कारागीर सारे इंजिन खोलून तपासतात आणि प्रेक्षकांना ते जवळ उभे राहून पाहता येते.

मुलाने विचारले, “कसं वाटलं, बाबा?” मी म्हणालो, “अरे, हे मी दहाव्या वर्षीच पाहिले आहे. आपल्या घरचाही चमू होता.” तो हसला. त्याला सांगितले ते आज आपणांस सांगतो.

विदर्भात बैलांच्या शर्यतीस शंकरपट म्हणतात. कापसाची वेचणी उरकत आली की हिवाळ्यात गावोगावी पट भरत असत. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर दूरवर प्रसिद्ध आहे. पटाची रीत साधी. शेतात सरळ धाव आखावयाची, त्यावर हलक्या छकड्याला जुंपलेल्या दोन जोड्या एकाच वेळी सोडावयाच्या आणि सेकंद मोजावयाचे. यंत्राच्या जागी जिवंत जनावर, एवढाच काय तो फरक. तो फरक केवढा आहे हे मला त्याच वर्षी कळले.

आमचे घराणे पांढरकवड्यात कापसाच्या अडतीचे. थोडी शेतीही होती. दादाजींनी वर्ध्याकडून गवळाऊ जातीची एक जोडी आणली. पांढरीशुभ्र, सडपातळ आणि पायांत विलक्षण चपळाई. आमच्या समाजात पटाची जोडी बाळगणारे घर विरळाच, त्यामुळे नातलगांत कुजबुज होई. बाबूजींना मात्र त्या बैलांचे वेड होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी ते स्वतः करीत. हळद-लोणी घेऊन बसले की दुकानाची आठवण राहत नसे.

पटाची तयारी हे साऱ्या घराचे काम होते. आई कणकेत गूळ-तूप घालून गोळे वळी. कोणी बैलांना अंडी, कोणी दारू पाजीत असे. आमच्या गोठ्यात सरकी, ढेप आणि दूध यांपलीकडे काही जात नसे. मोठे भाऊ पाणी पाजीत, सुतारकाका छकड्याचे आरे ठोकून पाहत आणि आमचे सालदारकाका धुरकरी म्हणून कासरे हाती घेत. मला दादाजींचे खिशातले घड्याळ आणि एक वही मिळाली होती. प्रत्येक सरावाचे सेकंद व खर्च मी त्यात मांडीत असे. माझ्या आयुष्यातील पहिली खातेवही तीच.

बाबूजींची अट एकच होती. पराणी वापरावयाची नाही. बैल आवाजावर पळाले तर पळतील, नाही तर घरी येतील. यामुळे पहिल्या दोन पटांत आम्ही हरलो. लोक हसले. बाजारात कोणी म्हणाले, “शेठजींचे बैल उपवास करतात वाटते.” बाबूजी काही बोलले नाहीत, पण ते त्यांना लागले होते. घरी जेवताना एकदा ते म्हणालेही, “एकदा तरी जिंकायला पाहिजे.” सालदारकाका ओसरीवर बसले होते. त्यांनी ते ऐकले.

१९६९ चा जानेवारी असावा. वणीकडच्या एका गावी पट होता. आमची जोडी सुटली ती अशी की घड्याळाकडे पाहणेही मी विसरलो. आम्ही जिंकलो. भावांनी मला खांद्यावर घेतले. बक्षीस म्हणून एक मोठा पितळी गुंड मिळाला.

परतीच्या वाटेवर बैलांना पाणी दाखविण्यासाठी थांबलो. बाबूजी नेहमीप्रमाणे डाव्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत होते. शेपटीजवळ हात गेला आणि बैल एकदम दचकला. हाताला रक्त लागले होते. आखूड काठीला बसविलेला खिळा छकड्याच्या बैठकीखाली सापडला.

सालदारकाका मान खाली घालून म्हणाले, “शेठजी, तुमची मान खाली जाऊ नये म्हून टोचलं जी.”

बाबूजी रागावतील असे मला वाटले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही नाही टोचलं, काका. जेवताना मी जे बोललो, तेच टोचलं.” त्या रात्री दोघांनी मिळून कढत पाण्याने जखम धुतली आणि हळद भरली. सालदारकाकांना कामावरून काढले नाही. त्यानंतर आमची जोडी पटात कधीच उतरली नाही.

आईला तो गुंड देवघराजवळ ठेवावयाचा होता. बाबूजींनी तो गोठ्यात ठेवला. बैलांना पाणी नेण्यासाठी तोच वापरला जाई.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पर्युषणात आपण ते दरवर्षी ऐकतो. हे सारे दोष जनावर पदरी बाळगणाऱ्याच्या, माणसे कामाला ठेवणाऱ्याच्या, म्हणजे आपल्यासारख्या गृहस्थाच्या हातून घडणारे आहेत. त्या वर्षी बाबूजींना चौथा अतिचारही दिसला. पट सोडणे सोपे होते, परंतु हंगामात आमच्या अडतीपुढे कापसाच्या बंड्यांची रांग लागे. बंडीवर पेलवेल त्याहून अधिक माल लादलेला असे आणि वजन होईपर्यंत बैल उन्हात जुंपलेलेच राहत. त्या मालावर आमची अडत होती. बाबूजींनी अडतीपुढे पाण्याचे टाके बांधले आणि आलेली जोडी आधी सोडावयाची, मगच भाव बोलावयाचा, असा नियम केला. काही शेतकरी अधिक लादता यावे म्हणून दुसऱ्या अडतीवर गेले. तो तोटा त्यांनी सोसला. पुढे १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि आमची अडत थांबली. टाके मात्र पुष्कळ वर्षे होते.

पटाचा वाद पुढे न्यायालयात गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. नियमानुसार धाव एक हजार मीटरपेक्षा अधिक नसावी आणि काठी, चाबूक, विजेचा झटका वापरू नये. पोमोनाच्या खेळातही २००८ मध्ये स्कॉट कलिटा या चालकाचा अपघाती मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान गाड्यांची धाव १,३२० फुटांवरून १,००० फूट केली गेली. नियम आवश्यकच आहेत. परंतु बैठकीखाली लपविलेला खिळा पंचाला दिसत नाही. तो धन्यालाच शोधावा लागतो.

बँकेत शाखाधिकारी असताना मार्चअखेरीस मीही हाताखालच्या लोकांना म्हणत असे, “कसेही करा, वसुली झाली पाहिजे.” त्यांनी ‘कसेही’ म्हणजे काय केले, याची चौकशी मी नेहमी केली असे म्हणवत नाही. निवृत्तीनंतर ती वही पुन्हा उघडली. त्या पटाच्या दिवसापुढे सेकंदांचा रकाना कोराच आहे. त्याखाली बाबूजींच्या अक्षरात खर्चाची एक नोंद आहे: “हळद.”

आपल्या दुकानात, कारखान्यात, घरी आपणही कधी सहज म्हणतो, “एवढे झालेच पाहिजे.” ते ओसरीवर बसलेला कोणीतरी ऐकत असतो. या पर्युषणात क्षमा मागताना त्याचीही आठवण ठेवावी, इतकीच विनंती.