बेटांवरचे राजे आणि त्यांचा कायदा

समुद्रात स्वतंत्र बेटांची एक माळ उभी करावयाची. प्रत्येक बेटाचा अधिपती निराळा. ना कर, ना कामगार कायदे, ना संसद. ज्याला एका बेटाचा कारभार पटणार नाही त्याने आपले तरंगते घर सोडवून शेजारच्या बेटाला नेऊन बांधावे, असे एक स्वप्न धनिक वर्गातील काही मंडळी गेली पन्नासहून अधिक वर्षे पाहत आली आहेत. कादंबरीत ते शोभेलही. अडचण एवढीच की, त्यासाठी लागणारे बेट दर वेळी दुसऱ्या कुणाचे तरी असते, आणि तो दुसरा बहुधा एखादा दुबळा, गरीब देश असतो.

जानेवारी 1972 मध्ये अमेरिकेतील मायकेल ऑलिव्हर या जमीनविकासकाच्या मंडळींनी टोंगा देशाजवळच्या, भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या मिनर्व्हा प्रवाळखडकांवर वाळू आणून टाकली आणि 'मिनर्व्हा प्रजासत्ताक' जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये टोंगाच्या राजाने तेथे आपला ध्वज रोवला आणि प्रजासत्ताक संपले. एका प्रजासत्ताकाचा अंत राजाच्या हातून झाल्याचा आनंद मानावा, असे प्रसंग समाजवाद्यांच्या वाट्याला क्वचितच येतात.

पुढचा प्रयोग मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आज वानुआतू म्हणून ओळखला जाणारा द्वीपसमूह त्या वेळी 'न्यू हेब्रिडीज' या नावाने ब्रिटन व फ्रान्स यांच्या संयुक्त अमलाखाली होता. तेथील सान्तो बेटावरील विस्तीर्ण जमिनी युरोपीय मळेवाल्यांनी बळकावल्या होत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून जिमी स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली 'नाग्रियामेल' ही चळवळ उभी राहिली. मागणी सर्वस्वी न्याय्य होती. ऑलिव्हर यांच्या 'फिनिक्स फाउंडेशन'ने नेमकी हीच चळवळ हेरली, तिला पैसा पुरवला, करमुक्त स्वतंत्र राज्याचे गाजर दाखवले. 1980 मध्ये सान्तोने 'वेमेराना' या नावाने फुटून निघण्याची घोषणा केली. 30 जुलै 1980 रोजी वानुआतू स्वतंत्र झाला तो घरातच बंड घेऊन. 'मेलानेशियन समाजवादा'चा पुरस्कार करणारे पंतप्रधान वॉल्टर लिनी यांना ते मोडून काढण्यासाठी पापुआ न्यू गिनीचे सैन्य बोलवावे लागले.

विपर्यास असा की, ज्या राष्ट्राविरुद्ध हे बंड झाले, त्याच राष्ट्राच्या राज्यघटनेने देशातील सर्व जमीन मूळच्या परंपरागत मालकांची व त्यांच्या वंशजांची असल्याचे जाहीर केले होते. चळवळीची मूळ मागणी नव्या राज्याच्या पायातच घातली गेली होती. स्टीव्हन्स यांचा मुलगा या बंडात मारला गेला आणि स्वतः स्टीव्हन्स यांना दीर्घ तुरुंगवास भोगावा लागला. ऑलिव्हर यांना मात्र वानुआतूच्या तुरुंगाचे दार कधी पाहावे लागले नाही.

2008 मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या नातवाने हेच स्वप्न 'सीस्टेडिंग' या नावाने पुन्हा मांडले आणि पीटर थील या भांडवलदाराने त्यासाठी थैली सैल केली. 2017 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियाच्या शासनाशी झालेला त्यांचा समझोता वर्षभरातच विरून गेला. परंतु या मंडळींना एव्हाना उमगले होते की, वाळू टाकण्यापेक्षा कायदा करून घेणे स्वस्त पडते.

होंडुरासमध्ये नेमके तेच घडले. खासगी नगरांना स्वतःचे कायदे देणारा पहिला कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये घटनाबाह्य ठरवला. डिसेंबर 2012 मध्ये संसदेने चार न्यायाधीशांना पदावरून दूर केले आणि 2013 मध्ये तोच माल नव्या वेष्टनात मंजूर झाला. त्याच्या आधारे रोआतान बेटावर 'प्रोस्पेरा' हे नगर उभे राहिले. त्याच्या नऊ सदस्यांच्या मंडळात चार जण कंपनीचे, आणि महत्त्वाच्या निर्णयांना दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक! नकाराधिकार कुणाकडे राहिला, हे सांगण्यास गणितज्ञ नको.

समर्थक म्हणतात, होंडुरासचे शासन भ्रष्ट आहे, न्यायालये दुबळी आहेत, मग रोजगार देणारे एखादे सुशासित बेट का नको? शासन भ्रष्ट होते हे खरेच. न्यायाधीशांना हटवणाऱ्या संसदेचे अध्यक्ष, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हुआन ओर्लांदो एर्नांदेस यांना 2024 मध्ये अमेरिकी न्यायालयाने अमली पदार्थांच्या तस्करीबद्दल 45 वर्षांची शिक्षा दिली; डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफीही दिली. परंतु प्रोस्पेराला तिचा कायदा देणारे हेच शासन होते. ज्याच्या भ्रष्टाचाराचे भांडवल करावयाचे, त्याच्याच सहीला पवित्र मानावयाचे, हा कोणता न्याय?

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना ही भाषा अपरिचित नाही. 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने अशी क्षेत्रे देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरची मानली. रायगडमध्ये एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील 22 गावांना निदान मत विचारले गेले. रोआतानच्या गावकऱ्यांना तेवढेही विचारले गेले नाही.

एप्रिल 2022 मध्ये होंडुरासच्या नव्या संसदेने तो कायदा एकमताने रद्द केला. तेव्हा राज्यसंस्था नको म्हणणारी ही मंडळी त्याच वर्षअखेरीस वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय लवादाच्या दारी उभी राहिली आणि सुमारे 10.7 अब्ज डॉलरची भरपाई मागू लागली. ही रक्कम त्या गरीब देशाच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या जवळपास दोन-तृतीयांश होती. करार हवा, लवाद हवा, वसुलीसाठी सरकारी तिजोरी हवी. नको आहे तो केवळ मतदार! सप्टेंबर 2024 मध्ये होंडुरासच्या सर्वोच्च न्यायालयाने ही क्षेत्रे घटनाबाह्य ठरवली. दावा तरीही पुढे चालला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये, कंपनीने आधी देशातील न्यायालयांत दाद मागावयास हवी होती, हा होंडुरासचा आक्षेप लवादाने फेटाळून लावला.