दाबाखालची माणसं

गाडीचे बॉनेट उघडून, चकचकीत ॲडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर दाखवत 'पीळ घातला की जोर, सैल केला की ॲव्हरेज!' असे सांगणाऱ्या मंडळींविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. मी कॉमर्सचा माणूस, पण हिशेब कळतो हो! दाब 3 बारचा 4 केला तर पेट्रोल तिपटीचौपटीचे सोडाच, वर्गमुळाच्या चालीने जेमतेम 15 टक्के वाढते. तेही टिकू कोण देतो? एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर म्हणजे आमचा हेडक्लार्क. रोजच्या चालीत पेट्रोल जास्त दिसले की कात्री, कमी दिसले की भरपाई. खतावणी पुन्हा होती तिथे. खर्ची पडलात फक्त तुम्ही.

टर्बो किंवा मोठे इंजेक्टर घातले असतील, तर या यंत्राला जरूर मान द्या. पण तेव्हाही इंजिन चालू ठेवून, व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून दाब लावायचा, नट आवळायचा आणि नळी परत जोडायची. हे शेवटचे काम उस्ताद हमखास विसरतात. आणि ज्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच असतो, परतीची नळीच नसते, तिथे हा बसवायचा कुठे? आरशाला, लिंबू-मिरचीशेजारी?

माझा खरा राग मात्र साध्या रबरी नळीला जुनी क्लिप मारून 'चालतंय, साहेब' म्हणणाऱ्यावर आहे. तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकले, तर विम्याचा फॉर्म भरायला कोणी उरायला नको का?