शेपटीवाल्या माऊसचं घर

'माऊस' म्हटलं की आपल्या कॉलेजात दहापैकी नऊ जणांचा हात आपोआप टेबलाकडे जातो. मला बोलायचंय ते खऱ्या, मिशीवाल्या, शेपटीवाल्या माऊसबद्दल. (टेबलावरच्याची शेपटी तर कधीच गेली, तो वायरलेस झालाय!)

मित्रांनो, उंदराशी आपलं नातं मोठं गमतीचं आहे. गणपतीत दहा दिवस तो बाप्पाचं वाहन, म्हणून त्याच्यापुढेही मोदक. अकराव्या दिवशी मेसच्या कोठीत दिसला की चिकट पुठ्ठा! या दोघांशिवाय हॉस्टेलवर अधूनमधून तिसराही अवतरतो, तो म्हणजे पाळीव पांढरा उंदीर. कुणीतरी हौसेने पेट शॉपमधून घेऊन येतो. एका रात्रीच्या चायनीजच्या पैशात मिळतो, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. प्राणी स्वस्त, म्हणून त्याचं घरही स्वस्त. बुटाचं खोकं, फार तर कुणाचा तरी जुना फिशटँक. त्यात मूठभर भुसा आणि बिस्किटाचा तुकडा. झालं घर!

माझं मत स्पष्ट आहे. घर राहणाऱ्याच्या सोयीचं हवं, बघणाऱ्याच्या नव्हे. आपल्याला जे छान दिसतं, ते उंदराला बहुतेक वेळा जाच असतं.

आता बघा, आपल्याला आवडते मोकळी, काचेची, लख्ख उजेडातली पेटी. का? तर उंदीर सतत दिसला पाहिजे! पण पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव तो, मांजरापासून घुबडापर्यंत सगळ्यांचं खाद्य. मोकळ्या जागेत त्याला धडकी भरते, म्हणून तर तो भिंतीच्या कडेकडेने पळतो. त्याला हवा आडोसा. भोक पाडलेली नारळाची करवंटी, पुठ्ठ्याची नळकांडी, मूठभर टिश्यू पेपर किंवा वाळलं गवत द्या. घरटं तो स्वतः बांधतो, आपल्यापेक्षा चांगलं. ते त्याला लागतंच, कारण आपण पंख्याखाली खुशीत असतो तेव्हा त्याला थंडी वाजत असते. त्याला सुखाची ऊब म्हणजे साधारण 30 अंश सेल्सिअस. कापूस आणि दोरे मात्र नकोत, ते पायाला गुंडाळले जातात. आणि एप्रिल-मेमध्ये पेटी खिडकीच्या उन्हात ठेवलीत तर ती पेटी राहत नाही, भट्टी होते.

वासाचंही तसंच. फिशटँकमध्ये हवा खेळत नाही, लघवीतून सुटणारा अमोनिया आतच कोंडतो आणि उंदराची छाती धरते. म्हणून काहीजण उत्साहाने रोज पेटी धुऊन चकाचक करतात. तेही चूक! उंदराचा पत्ता वासावर लिहिलेला असतो. सगळा वास पुसलात की आपल्याला ते घर स्वच्छ, त्याला अनोळखी. ओला कोपरा दोन-तीन दिवसांनी काढावा, आठवड्याने बाकीचं बदलावं आणि जुन्या घरट्यातला थोडा कोरडा भाग परत आत ठेवावा.

आवाजाचं तर आपल्याला कळतही नाही. आपले कान 20 किलोहर्ट्झला संपतात, उंदीर त्याच्या कितीतरी पलीकडचं ऐकतो. काही इलेक्ट्रॉनिक वस्तू आपल्याला गप्प वाटतात, त्याच्यासाठी त्या किंचाळत असतात. तेव्हा पीसी, स्पीकर आणि चार्जरच्या जंगलात त्याची पेटी नको.

चाक द्यावं का? जरूर द्यावं. पिंजऱ्यातला उंदीर वेड लागून चाकावर धावतो असं पुष्कळांना वाटतं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी मोकळ्या निसर्गात चाक ठेवून बघितलं, तर रानातले मोकळे उंदीर आपणहून येऊन त्यावर धावले! हे 2014 साली प्रसिद्ध झालं. फक्त चाकाचा पृष्ठभाग सलग हवा. गजांचं असेल तर शेपूट आणि पाय अडकतात.

आणि एकटा उंदीर ठेवू नका. दोन किंवा तीन माद्या एकत्र सुखाने राहतात. दोन मोठे नर सहसा मारामाऱ्या करतात. नर-मादी जोडी आणलीत, तर तीन आठवड्यांत पाळणा हलतो. पिल्लं झाल्यावर एका दिवसातच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पुढचा हिशोब एम-थ्रीवाल्यांनी करावा!

हे सगळं करायला फार खर्च येत नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये जॉब घासून हाताला फोड आणले होते ना? ती विद्या इथे वापरा. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळ निदान 60 बाय 30 सेंटिमीटर. झाकण कापून त्याला नट-बोल्टने बारीक जाळी बसवा, कडा कानशीने घासा. जाळीचं छिद्र पाऊण सेंटिमीटरपेक्षा लहानच हवं, कारण जिथून कवटी जाते तिथून अख्खा उंदीर जातो. तळाला मात्र जाळी नको, पाय दुखावतात. आत दोन-तीन इंच कागदाचे कपटे. रिजेक्ट झालेलं जर्नल फाडू नका, कागद कोरा हवा! देवदार-पाइनचा वासाचा भुसाही नको.

आता एक विनंती रेक्टर सरांना. बहुतेक हॉस्टेलांत प्राणी पाळायला बंदी असते. नियमामागचं कारण मला कळतं. पण बंदीमुळे उंदीर यायचा थांबत नाही, तो कपाटात जातो. अंधार ठीक, पण हवा नाही, आणि सुट्टीत सांगायची सोय नाही. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात उंदराला सूट नाही. मग कॉमन रूममध्ये एकच मोठा पिंजरा, अटी घालून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर का असू नये? अटी कडक ठेवा. माद्याच हव्यात, जबाबदार मुलांची नावं लिहून हवीत. आणि कोठीतला उंदीर पकडून पाळायला सक्त मनाई, त्याच्या लघवीतून लेप्टो पसरतो. परवानगी द्यायचीच नसेल तर तसंही चालेल, पण मग कपाटं उघडून बघा.

आणि पोरांनो, उंदराचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं. सेकंड इयरला आणला तर फायनल इयरपर्यंत तुमच्यासोबत. मध्ये चार परीक्षा, दोन दिवाळ्या आणि निदान एक मे महिना येतो. त्या दिवसांत त्याला पाणी कोण घालणार हे आज ठरत नसेल, तर उद्या तो आणू नका. आधी घर, मग सुट्टीतला माणूस आणि सगळ्यात शेवटी उंदीर. हा क्रम जमत नसेल तर टेबलावरचा माऊसच बरा. त्याची बॅटरी संपली तर नवी घालता येते.