संत्री मागेच ठेवा

‘आफ्रिकेला एवढे पैसे घालवून आता जायचं कशाला? गुरुग्रामलाच सफारी होतेय की!’

हे वाक्य या आठवड्यात एका जेवणाच्या टेबलावर ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. बोलणारं दुसरं कुणी असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हे गृहस्थ माझ्याबरोबर बोत्सवानात तंबूत राहून आलेले आहेत. दिल्ली, नोएडा आणि गुरुग्रामची आम्ही काही मराठी मंडळी गेल्या जुलैत ट्रकने जोहान्सबर्गहून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत गेलो होतो. या सदरात त्या प्रवासाबद्दल अधूनमधून आलं आहे. विषय संपला असं काही वाचकांना वाटत असेल, माझ्यापुरता तो संपलेला नाही. आमच्याच ट्रकमधला माणूस असं बोलतो, तेव्हा तर अजिबातच नाही.

आधी थोडक्यात तपशील. गुरुग्राम आणि नूह या जिल्ह्यांतल्या अरवलीत सुमारे १०,००० एकरांवर ‘जंगल सफारी’ उभारण्याची घोषणा हरियाणा सरकारने २०२२ मध्ये केली. त्याच वर्षी शारजात एक मोठी सफारी सुरू झाली होती. मंत्री ती बघून आले आणि तिच्याहून मोठी आपल्याकडे करायची असं ठरलं. वाघ-सिंहांसारख्या मोठ्या शिकारी प्राण्यांचे चार विभाग, पक्ष्यांचं उद्यान, सापांचं दालन, पाण्याखालचं जग, परदेशी प्राण्यांसाठी राखीव जागा, असा तो बेत. निवृत्त वनाधिकारी आणि अरवलीसाठी झटणारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने हरियाणाला पुढचं पाऊल टाकण्यापासून थांबवलं. आमच्या गृहस्थांना मात्र हे होणारच याची खात्री आहे आणि आनंदही आहे.

त्यांच्या आनंदाचाच मला राग आला. कारण तंबूतली सफारी म्हणजे काय ते या माणसाने स्वतःच्या हातांनी अनुभवलं आहे. न गेलेल्यांच्या डोळ्यांसमोर उघडी जीप आणि समोर सिंह एवढंच येतं. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग कामात जातो. ट्रक थांबला की आधी तंबू उभारायचा. जाड कॅनव्हासचा, दोघांना पुरेल एवढा. पहाटे उजाडायच्या आत तोच तंबू दवाने जड झालेला असताना गुंडाळून ट्रकच्या कप्प्यात सारायचा. कामांच्या पाळ्या लावलेल्या असतात. कुणी भाजी चिरायची, कुणी भांडी घासायची, कुणी ट्रक झाडायचा. धुतलेल्या ताटल्या फडक्याने पुसायच्या नाहीत, कारण एका फडक्यातून सगळ्या गटाला पोटदुखी होते. दोन्ही हातांत ताटल्या धरून त्या हवेत हलवून वाळवायच्या. दिल्लीत स्वयंपाकाला, धुण्याला आणि गाडी चालवायला वेगवेगळी माणसं ठेवलेली आमची मंडळी संध्याकाळी रांगेत उभी राहून ताटल्या हलवायची. जेवण तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात, लाकडांच्या निखाऱ्यांवर शिजायचं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि भोपळ्याची भाजी. एका वहिनींनी सोबत मेतकूट आणलं होतं, ते त्या उकडीवर इतकं छान लागलं की आमचा आफ्रिकी आचारी उरलेला डबा मागून घेऊन गेला.

आणि थंडी. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. दिल्लीत आपण घामाने निथळत असताना तिथे पहाटे पारा शून्याजवळ उतरतो. जानेवारीतले स्वेटर, कानटोप्या, सगळं अंगावर चढवून शेकोटीजवळ बसलं तरी पाठ गारच. याच काळात बोत्सवानातल्या ओकावांगो नदीत पाणी चढतं, कारण अंगोलाच्या डोंगरात उन्हाळ्यात पडलेला पाऊस कित्येक महिने वाहत येतो आणि तिथे एक थेंब पडत नसतो तेव्हा पोचतो. चहूकडे रखरखीत वाळू आणि मधोमध भरलेली नदी. मग प्राणी तिथे येतात. त्यांना कुणी आणून सोडलेलं नसतं.

बोत्सवानात रस्त्यात मधूनमधून गुरांच्या रोगांसाठी घातलेली कुंपणं लागतात. तिथे ट्रक थांबवून सगळ्यांना उतरवतात. सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या पोत्यावर बूट पुसायचे, पिशवीतले जादा जोडसुद्धा काढून त्यावर घासायचे, कच्चं मांस पुढे न्यायचं नाही. रानम्हशींकडून गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण होते आणि तिथल्या गोमांसाचा बाजार परदेशात आहे. आमचा वाटाड्या हे समजावून सांगत होता, आणि पुढे त्याने जे सांगितलं त्याने मी हलले. याच कुंपणांपाशी अडून, पाण्यापर्यंत पोचता न आल्याने, पूर्वी वाइल्डबीस्टचे कळपच्या कळप तहानेने मेले. गुरं वाचवायला घातलेल्या तारेने रान मारलं. त्या देशाला कुंपणाची किंमत ठाऊक आहे.

पण बोत्सवानातच, सावुतीच्या आमच्या तळाला कुंपणच नाही. तंबू आपला, भोवतीचं रान सगळ्यांचं. तिथल्या न्हाणीघराभोवती किल्ल्यासारखी जाड भिंत आहे, कारण पाण्याच्या वासाने हत्ती नळ उखडतात. अंधार पडल्यावर तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, तरस पळवतात. खाण्याचा कणही तंबूत नको. आणि संत्री तर कुठेच नकोत. हत्तीला लिंबूवर्गीय फळांचा वास फार लांबून येतो आणि त्यासाठी तो गाडीचं दारसुद्धा वाकवतो. झिंबाब्वेतल्या मानापूल्समध्ये ही फळं न्यायलाच बंदी आहे. मी वरूडची, संत्र्यांच्या बागेत वाढलेली. जुलैत दक्षिण आफ्रिकेत संत्र्यांचा हंगाम असतो, वाटेत आम्ही जाळीची मोठी पिशवी घेतली होती. ती बोत्सवानातल्या मऊन गावी एका पेट्रोल पंपावरच्या मुलांना दिली. आमच्या गटातल्या कुणीही त्यावर वाद घातला नाही. गुरुग्रामच्या मॉलमध्ये पार्किंगवरून भांडणारी माणसं तिथे एका हत्तीसाठी निमूटपणे संत्री देऊन टाकतात, आणि रात्री नऊला एकाही फोनचा आवाज येत नाही. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजलेल्या माणसाला ही शांतता ओळखीची असते. आपल्याकडच्या लोकांना गप्प बसता येत नाही, हे खोटं आहे. समोर खरं रान असलं की येतं.

जेवणाच्या त्या टेबलावर मी आमच्या गृहस्थांना हेच सांगायचा प्रयत्न केला. दहा हजार एकर ऐकायला फार मोठं वाटतं, पण ते होतात जेमतेम चाळीस चौरस किलोमीटर. आम्ही ज्या हत्तींमध्ये राहिलो ते अंगोला, नामिबिया, झांबिया, झिंबाब्वे आणि बोत्सवाना या पाच देशांच्या जोडलेल्या पट्ट्यात फिरतात. २०२२ च्या हवाई गणतीत त्या पट्ट्यात सव्वादोन लाखांहून अधिक हत्ती निघाले. चोबे नदी पोहून ते नामिबियात जातात आणि परत येतात. चाळीस चौरस किलोमीटरमध्ये, तेही वेगवेगळ्या विभागांत कुंपणं घालून, आफ्रिका मावत नाही. आणि ती मावावी म्हणून जी जागा मोकळी करायची, तिथे आधीपासून कुणीतरी राहतं. भारतीय वन्यजीव संस्थेला २०१७ च्या पाहणीत हरियाणाच्या अरवलीत ३१ बिबळे आढळले होते. तरस आहेत, कोल्हे आहेत, साळिंदर आहेत. दिल्लीच्या हद्दीतल्या असोला भाटी अभयारण्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने लावलेल्या कॅमेऱ्यांत आठ बिबळे टिपले गेले. याच अरवलीतली मांगरची बनी, म्हणजे श्रद्धेने राखलेलं रान, ही आपल्या देवरायांची सख्खी बहीण आहे. तिथले गुर्जर गावकरी गुदडिया बाबांच्या श्रद्धेपोटी फांदीही तोडत नाहीत, म्हणून धावड्याच्या जातीचं ‘धौ’ हे झाड तिथे दाट उरलं आहे. आणि त्याच डोंगरातून जाणाऱ्या गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर गाड्यांखाली बिबळे मरतात. सफारीवर जो पैसा घालायचा त्यातून त्या रस्त्याखाली प्राण्यांसाठी बोगदे काढा, ही माझी मागणी आहे आणि ती मी करत राहणार.

‘पण पोरांना आफ्रिकेतला हत्ती कुठे दिसणार?’ असं त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर दिल्लीने आधीच दिलेलं आहे, आणि ते मला त्या रात्री झोपू देईना. त्याचं नाव शंकर.

१९९८ मध्ये झिंबाब्वेने तो भारताला भेट दिला. माजी राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्यावरून त्याचं नाव पडलं. तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. त्या वयाचं पिल्लू रानात अजून आईच्या अंगाखालून हलत नाही. चोबेच्या काठी मी अशी पिल्लं पाहिली. पाणी पिताना चार माद्या चार बाजूंनी उभ्या राहतात आणि मधलं पिल्लू बाहेरून दिसतसुद्धा नाही. शंकरबरोबर एक मादी आली होती, ती काही वर्षांतच गेली. त्यानंतर पुराना किल्ल्याच्या भिंतीशेजारच्या त्या प्राणिसंग्रहालयात शंकर एकटा राहिला. आशियाई हत्ती तिथे होते, पण त्याचं आवार वेगळं होतं. तो साखळदंडात असे. माझ्या मुलीच्या वर्गाची सहल गेली तेव्हा मीही सोबत होते. तो एकाच जागी उभा राहून डोकं सारखं डावीकडून उजवीकडे हलवत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो नाच वाटला. बाईंनी सांगितलं, बघा, आफ्रिकेचा हत्ती, कान केवढे मोठे. तेवढंच तिथे शिकता येत होतं.

एका शाळकरी मुलीने २०२१ मध्ये त्याच्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने शंकरच्या स्थितीवरून दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं. मग साखळ्या निघाल्या, डॉक्टर आले, सोबतीण आणण्याची बोलणी झाली. १७ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी तो कोसळला आणि गेला. वय २९. आफ्रिकी हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो. बरोबर तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला नामिबियातले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कूनोत सोडले होते. त्या तारखेचे फोटो सगळ्यांना आठवतात, शंकरची बातमी दोन दिवसांत मागे पडली.

हत्ती एकमेकांशी ज्या आवाजात बोलतात त्यातला बराचसा आपल्या कानांना ऐकूच येत नाही, इतका तो खालच्या पट्टीचा असतो. तो काही किलोमीटर जातो, जमिनीतूनही जातो. सावुतीत वाटाड्याने आम्हाला ट्रकच्या पत्र्यावर तळहात ठेवायला सांगितला होता. जवळच्या मादीने साद घातली तेव्हा पत्रा किंचित थरथरल्यासारखं वाटलं आणि पलीकडच्या झाडीतला कळप वळला. शंकरही साद घालतच असणार. मथुरा रोडवरून गाड्या जात होत्या, पलीकडे सुंदर नर्सरीत लोक सहलीला बसले होते, आणि त्याच्या भाषेत उत्तर देणारं या अख्ख्या शहरात कुणी नव्हतं. हे वीस-पंचवीस वर्षं चाललं. आपण सगळे तेव्हा दिल्लीतच होतो.

म्हणून गुरुग्रामच्या त्या परदेशी प्राण्यांच्या विभागाला माझा विरोध आहे. आराखडा कितीही सुधारला, कुंपण कितीही लांब नेलं तरी राहील. जेवणाच्या टेबलावर मला हे सगळं नीट मांडता आलं नाही, आवाज चढला, आणि यजमानांनी आमरस पुढे केला.

आता वाचकांकडे एक काम आहे. १९९८ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, सोबतीण असताना, शंकरला पाहिलेली माणसं या शहरात नक्की आहेत. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलेली, करोलबागेत, सरोजिनीनगरच्या क्वार्टरांमध्ये राहिलेली. तेव्हा कॅमेऱ्यात रीळ घालून सहलीला जायचे. तुमच्या अल्बममध्ये त्या दोघांचा एकत्र फोटो असेल तर त्याची प्रत मला पाठवा. मागे साल लिहिलेलं असेल तर तेही कळवा. पुढच्या महिन्यात ही चित्रं आणि आठवणी एकत्र करून सफारीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मंडळींच्या हाती द्यायच्या आहेत. पत्ता नेहमीचाच.