यंत्र आणि संसार : थांबण्याचे सामर्थ्य

जुनी गाडी दारात उभी राहिली की पाहणारा पहिल्याने विचारतो, 'पळते किती?' ती थांबते किती अंतरात, हा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. वास्तविक पोराबाळांच्या रस्त्यावर दुसऱ्या प्रश्नाचे मोल अधिक आहे. जुन्या पिकअप ट्रकचे ब्रेक सुधारताना हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील शेव्हरोले ३१०० हा अर्ध्या टनाचा पिकअप घेऊ. १९४७ ते १९५५ या काळात निघालेल्या या गाडीवर तेथील हौशी मंडळींचा आजही जीव आहे. शेव्हरोले हे नाव आपल्याकडेही परके नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली होती आणि ती १९५४ पर्यंत चालली.

या पिकअपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चाकांकडे जाई आणि ब्रेक शू ड्रमच्या आतल्या अंगावर दाबले जात. रचना साधी आणि त्या काळच्या मंद रस्त्यांना पुरेशी होती. तिच्यात उणिवा मात्र दोन होत्या. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, लायनरची पकडही ढिली होते आणि घाट उतरताना पेडल खाली खाली जाऊ लागते. दुसरी उणीव अधिक घातक होती. मास्टर सिलिंडरचा कप्पा एकच असल्यामुळे कोठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात.

शिवाय वेगाचे गणित सरळ नाही. ताशी ४० किलोमीटरवरून वेग ८० झाला की गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. तेवढी सारी ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. जुन्या गाडीत नवे, जोमदार इंजिन बसवून ब्रेक तसेच ठेवणे म्हणजे बैल बदलून कासरा जुनाच ठेवण्यासारखे आहे.

सुधारणा म्हटली की पुष्कळांची नजर प्रथम डिस्क ब्रेककडे वळते. डिस्कचे गुण खरेच मोठे आहेत. बिडाची तबकडी उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते, पाण्यातून गेली तरी चटकन कोरडी होते. १९५३ साली ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या जग्वारने हे जगाला दाखवून दिले. तरीही आमच्या मते पहिला खर्च डिस्कवर नव्हे, दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरवर करावा. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे तेल वेगळे राहते, एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. त्याच्या जोडीने गंजलेल्या पोलादी नळ्या आणि आतून फुगलेले रबरी होजही बदलावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

यानंतर पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवावी. मागे ड्रम ठेवले तरी चालतात, पार्किंग ब्रेकची तारही त्यामुळे जागच्या जागी राहते. मात्र येथे तीन बारकावे आहेत. या गाडीचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या खाली असतो. तो कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर पडत असल्याने तेल परत ओघळते. ते अडविण्यासाठी डिस्कच्या नळीत २ पौंडांचा आणि ड्रमच्या नळीत १० पौंडांचा झडप-दाब ठेवतात (पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील). या झडपांची अदलाबदल झाली तर डिस्क सतत घासत राहते. दुसरी गोष्ट अशी की, ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. रिकाम्या पिकअपची पाठ तर मुळातच हलकी, त्यामुळे मागची चाके आधी जाम होऊन गाडीचे शेपूट फिरते. म्हणून मागचा दाब आवरणारी प्रमाण-झडप हवी. तिसरे, ड्रमच्या फिरण्यानेच शू अधिक आवळला जातो, ती सोय डिस्कला नाही. पायाला जोर अधिक लागतो. त्यासाठी इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर बसवावा, किंवा सिलिंडरचा व्यास विचारपूर्वक निवडावा. व्यास लहान घेतला तर दाब वाढतो, पण पेडल अधिक खोल जाते.

हे काम जाणत्या मिस्त्रीच्याच हातचे. नळ्यांतील हवा नीट काढली नाही, तर सगळा खर्च फुकट जातो. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात, सावकाश वेगाने, पुन्हापुन्हा थांबून पाहावे. टायर गुळगुळीत असतील तर उत्तमातले उत्तम ब्रेकही रस्ता धरून ठेवू शकत नाहीत, हेही विसरू नये.

'मग गाडीचे मूळपण गेले की!' असा आक्षेप येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. प्रदर्शनापुरतीच गाडी बाहेर काढायची असेल, तर मूळ ड्रम उत्तम राखून हळू चालवणे हाही मान्य मार्ग आहे. परंतु ती रोजच्या रहदारीत न्यायची असेल, तर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला आपल्या गाडीच्या वयाचे कौतुक नसते. काढलेले सुटे भाग तेल लावून, चिठ्ठ्या बांधून पेटीत जपावेत आणि शक्यतो चासीला नवे भोक पाडू नये. पुढच्या पिढीला वाटले तर ती गाडी पूर्ववत करील. वाडवडिलांचे घर आपण राखतो, पण त्यातली विजेची जुनी तार बदलतोच. त्याने घराचे घरपण उणावत नाही.